दुर्गाबाईंच्या खुंटीवरचा पाहुणा

मासे धरणारा गळ वेगळा, मित्रांनो, आणि मी वेगळा. मी विहिरीत पडलेल्या बादल्या, घागरी आणि कळश्या वर काढणारा जुना लोखंडी गळ आहे. एक कडी, तिला जोडलेले वर वळलेले आकडे आणि कडीत बांधलेला दोर, एवढाच माझा संसार. दोर किती आले नि कुजून गेले, आकडे मात्र पहिलेच आहेत.

माझ्या स्वभावात एक खोड आहे, ती आधीच सांगून टाकतो. खाली काय आहे हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. माणसं विहिरीत डोकावतात, त्यांना पाण्यात आपलंच तोंड दिसतं आणि ती खूश होऊन निघून जातात. मी तळापर्यंत जातो, खडक खरवडतो, गाळ चाचपतो आणि लागेल ते वर घेऊन येतो. मला कुणी उचापती म्हटलं तरी माझी हरकत नाही.

माझा जन्म हसनाबादच्या आठवडी बाजारात झाला. त्याआधी मी एका बैलगाडीच्या चाकाची धाव होतो. धाव म्हणजे लाकडी चाकाभोवतीचा लोखंडी पट्टा. गाडी मोडली, लाकूड चुलीत गेलं आणि मी लोहाराच्या भात्यासमोर येऊन पडलो. त्यानं मला लालबुंद तापवून ठोकून काढलं. मी अजून नीट गारही झालो नव्हतो, तोच सगुणाबाई नावाची एक तरुण सून दुकानाशी येऊन उभी राहिली. तिची पितळी घागर गावच्या थोरल्या विहिरीत पडली होती.

"गळ कशाला इकत घेती माय?" लोहारानं विचारलं. "गावात एखादा असंलच की."

"हाय ना. पन ज्याच्या घरी हाय तिथं मागाया गेलं की साऱ्या गावाला कळतंय घागर कुनाची पडली. मंग सासूच्या कानावर जायला किती येळ?"

लोहार हसला आणि त्यानं मला तिच्या पिशवीत टाकलं.

सगुणाबाईनं दाराआतल्या खुंटीवर मला टांगलं आणि दोन नियम करून टाकले. पहिला असा, की ज्या बाईची बादली पडेल तिनं दारात येऊन फक्त विचारायचं, "पाहुणा हाय का घरी?" मग सगुणाबाई काही न विचारता मला पोत्यात गुंडाळून द्यायची. दुसरा नियम गळाला लागलेल्या वस्तूंचा. आपली बादली काढताना दुसऱ्याचं काही वर आलं, तर ते विहिरीच्या काठावर ठेवायचं. ज्याचं असेल तो घेऊन जाईल. ते आत कसं गेलं हे कुणी कुणाला विचारायचं नाही.

मित्रांनो, या दोन नियमांवर मी किती संसार सावरले म्हणून सांगू. नव्या सुनांच्या घागरी काढल्या, पोळ्याला बैल धुताना पडलेल्या घुंगुरमाळा काढल्या. एकदा तर रेडिओ काढला. तो कुणीच काठावरून नेला नाही, कारण ज्याचा होता त्याच्या बायकोनंच तो रागानं टाकला होता आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

थोरल्या विहिरीचा काठ म्हणजे गावाचं अंगणच होतं. रहाट कुरकुरायचा आणि बायकांच्या गप्पा चालायच्या. कुणाच्या मक्याला कणीस धरलं, कुणाची लेक मंठ्याला दिली, कुणाच्या घरी अबोला आहे, सगळं आधी तिथं कळायचं. लग्नाच्या हळदीचं पाणी तिथलंच. बाळंतीण सव्वा महिन्यानं घराबाहेर पडायची तीही आधी तिथंच. काठावर सात खडे मांडून त्यांना हळदीकुंकू लावायचं, घुगऱ्यांचा नैवेद्य दाखवायचा. ते सात खडे म्हणजे साती आसरा, पाण्यातल्या देवी. मग बाळंतिणीनं तांब्यानं पाणी शेंदायचं आणि तो भरला तांब्या डोक्यावर घेऊन घरी जायचं. सगुणाबाईच्या घरात या कामाचा एक तांब्याचा तांब्या ठरलेला होता. तिच्या सासूनं तो डोक्यावर नेला होता, मग तिनं, मग तिच्या सुनेनं, म्हणजे दुर्गाबाईनं, आणि पुढे दुर्गाबाईच्या सुनेनंही.

माझं जाणंयेणं दुसऱ्याही एका पाण्याशी होतं. गावाच्या उताराला बौद्ध वस्ती आहे. तिथं विहाराच्या अंगणात एक आड आहे. पूर्वी त्या लोकांना थोरल्या विहिरीवर येऊ देत नसत, म्हणून त्यांनी स्वतः खडक फोडून तो खोदला. तिथल्या बायकाही दारात येऊन "पाहुणा हाय का?" म्हणायच्या. सगुणाबाई मला द्यायची खरी, पण मी परत आलो की आधी माझ्यावर तांब्याभर पाणी ओतायची आणि मगच हात लावायची.

दुर्गाबाई नवी सून होती तेव्हा तिनं एकदा विचारलं, "आत्याबाई, गळ तर पान्यातूनच आला. त्याला परत पानी कशाला?"

"तसंच असतंय," सगुणाबाई म्हणाली.

यावर पुढे काही विचारायची सोय नसते. दुर्गाबाईही मग तसंच करू लागली. मला मात्र त्या पाण्याचं फार नवल वाटायचं. कारण मी दोन्हीकडच्या तळाला जाऊन आलो होतो. थोरल्या विहिरीतलं पाणी गार आणि जरासं खारवट, खालच्या आडातलंही गार आणि जरासं खारवट. दोन्हीकडे एकाच अंगाच्या खडकातून झरा यायचा. हे पाणी एकमेकांचं कोण लागतं, हा प्रश्न मी खुंटीवर लटकल्या लटकल्या वर्षानुवर्षं चघळला आहे.

मग गावात नळ आले. चांगलंच झालं. बायकांची पाठ वाचली, त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. पण नळाखाली ठेवलेली बादली कुठं पडत नाही, त्यामुळे पाहुण्याला कुणी विचारीना. रहाट कुणीतरी काढून नेला. दुर्गाबाईंच्या घरी नवी फरशी बसली आणि मी दारातून गोठ्यात गेलो. एका कोंबडीनं माझ्या खालीच अंडी घालायचं ठरवलं. तिची सोबत वाईट नव्हती, पण तिला पाण्यातलं काही कळत नव्हतं.

गोठ्यात मला जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या गप्पा ऐकू यायच्या. ओढ्याला पाणी राहत नाही, असं लोक म्हणायचे. मग नवरात्रातले घट, जुन्या तसबिरी, देव्हाऱ्यातलं निर्माल्य कुठं सोडायचं? तर थोरल्या विहिरीत. देवाचं पाण्यातच गेलं पाहिजे, रस्त्यावर टाकायचं नाही, यावर साऱ्या गावाचं एकमत होतं. त्यात कुणाचं काही वाईट मनात नव्हतं. पुढे विहीर आटली, असंही ऐकलं. आणि मग गेल्या हिवाळ्यात ऐकलं, की ती बुजवणार आहेत.

बातमी आणली अप्पारावांनी. अप्पाराव दुर्गाबाईंचे पुतणे आणि गावचे सरपंच. माणूस घाईचा, पण मनानं सरळ. ते गोठ्याच्या दारात उभे होते, म्हणून मला सगळं स्पष्ट ऐकू आलं.

"काकू, कोरडी हीर हाय ती. मागं एक शेळी पडली. उद्या कुनाचं लेकरू पडलं तर मी काय तोंड दाखवू? मुरूम टाकून घेऊ, वर ओटा बांधू. म्हाताऱ्या मानसांना बसाया जागा होईल."

"मी म्हातारी हाय, मला कुनी इचारलं का?" दुर्गाबाई म्हणाल्या. "आमच्या आकांक्षाची पानवठ्याची पूजा व्हायचीय. सव्वा महिना भरून राह्यला."

आकांक्षा ही दुर्गाबाईंची नातसून, त्यांच्या सोमेश्वरची बायको. ती जालना शहरात वाढलेली. विहिरीतून पाणी तिनं जन्मात शेंदलं नव्हतं.

"मंग नळाची करा की पूजा. पानी ते पानीच."

"नळात आसरा ऱ्हात्यात का रे? टाकीवाल्यानं चावी बंद केली की त्या कुठं जातील?"

अप्पारावांना हसू आलं. "बरं. पूजा करून घ्या. पन मुरमाचा ट्रॅक्टर त्याच दिवशी दुपारी बोलावतो. आता लांबवू नका."

दुर्गाबाईंनी गोठ्यात येऊन उगाच शेणाची पाटी इकडची तिकडे केली. त्यांना वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं. थोरली विहीर गेली म्हणजे तांब्या नुसता भांड्यांतलं भांडं होणार होता. सासूचं, आजेसासूचं, त्यांचं स्वतःचं आणि त्यांच्या सुनेचं बाळंतपणानंतरचं पहिलं पाऊल ज्या काठावर पडलं, त्या काठावर मुरूम पडणार होता.

पूजेच्या दिवशी सकाळी घरात गडबड झाली आणि सगळ्या बायका विहिरीकडे गेल्या. मी खुंटीवरच. कोंबडीनं माझ्याकडे पाहिलं, मी कोंबडीकडे. थोड्याच वेळात सोमेश्वर धावत आला, त्यानं मला खुंटीवरून ओढलं, आणि कितीतरी वर्षांनी मला ऊन लागलं.

झालं होतं असं. खडे मांडून झाले, घुगऱ्या वाहून झाल्या. विहिरीच्या तळाला ओंजळभर हिरवं पाणी दिसत होतं, तेवढंच घ्यायचं असं दुर्गाबाईंनी ठरवलं होतं. आकांक्षानं तांब्या जुन्या दोराला बांधून खाली सोडला आणि मधेच दोर तुटला. बायकांनी जीभ चावली. आकांक्षा तर रडायच्या बेताला आली.

"आजी, माझ्याच हातून व्हायचं होतं का हे?"

"अगं, म्हून तर घरात पाहुणा ठिवलाय," दुर्गाबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या कडीला नवा नायलॉनचा दोर बांधला. दुपार व्हायच्या आत तांब्या सापडला नाही, तर तो मुरमाखाली कायमचा गाडला जाणार होता.

मी खाली गेलो. मित्रांनो, ओळखीच्या घरी जावं आणि दार उघडल्यावर आत भलतंच काही दिसावं, तसं झालं. खडक कुठंच लागेना. जिथं तळ असायला हवा त्याच्या पुष्कळ वरच मी कशात तरी मऊमऊ रुतलो. दुर्गाबाईंनी झटका दिला, माझे आकडे अडकले, आणि मी वर आलो तो लाल फडक्यात बांधलेलं एक गाठोडं घेऊन. त्यात देवाच्या तसबिरी होत्या, काचा फुटलेल्या.

मला परत सोडलं. या वेळी प्लास्टिकच्या पिशवीतलं निर्माल्य आलं. मग नवरात्रातला घट, मग आणखी तसबिरी, नारळ, चुनऱ्या, थर्माकोलचं मखर. तांब्या येईना. काठावर ढीग झाला.

तेवढ्यात मुरमाचा ट्रॅक्टर आला आणि मागून अप्पाराव. ढीग पाहून त्यांनी पायातली चप्पल काढली.

"हे देवाचं हाय काकू. असं ओढून बाहेर काढू नका. राहू द्या जिथल्या तिथं. मी वरून मुरूम टाकून घेतो, म्हंजे झाकून जाईल."

कुणाला पुढे हात घालवेना. आत टाकताना सगळ्यांनी हात जोडले होते, बाहेर काढायचं कसं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अप्पारावांनी ट्रॅक्टरवाल्याला हात केला आणि ट्रॅक्टर पाठमोरा होऊन काठाकडे सरकू लागला.

तेव्हा बेबीनंदा पुढे आली. ती गावातली अंगणवाडीची ताई, खालच्या बौद्ध वस्तीत राहणारी. बाळाचं वजन घ्यायला आली होती आणि गर्दी पाहून थांबली होती.

"अप्पाराव, एक सांगू का? तुमच्या हिरीत घट टाकले की दोन-चार रोजांनी आमच्या आडाचं पानी गुलाली व्हायचं. मी ग्रामसभेत बोलले व्हते. तुम्ही म्हनले, पाइपात गंज असंल. आडाला पाइप हायच कुठं? मंग हळूहळू गुलाल यायचा बंद झाला आणि पाठोपाठ पानी बी बंद झालं. मला तर वाटतं, झरा आटला न्हाई. दबलाय."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. इतकी वर्षं मी जे चघळत होतो, ते या बाईनं दोन वाक्यांत सांगून टाकलं.

दुर्गाबाईंनी बेबीनंदाकडे पाहिलं, मग ढिगाकडे, मग माझ्याकडे. मग त्या ट्रॅक्टरच्या मागं काठावर जाऊन बसल्या, मांडी घालून.

"अप्पा, ट्रॅक्टर थांबव. आमच्या आत्याबाईचा नियम तुला ठाव हाय ना? गळाला दुसऱ्याचं लागलं तर काठावर ठिवायचं. ज्याचं त्यानं न्यायचं. कुनी कुनाला इचारायचं न्हाई. हे देवाचं न्हाई, हे आपलं हाय. आपन टाकलंय, आपन नेऊ. ती चुनरी माझ्या घरची हाय. पैली मी उचलते."

त्यांनी आपली चुनरी उचलली, झटकली आणि बाजूला ठेवली. मग एक बाई खाली मान घालून पुढे आली आणि एक तसबीर घेऊन गेली. मग दुसरी आली. मग पुरुष आले. निम्म्या गावाला आपापले देव ओळखू येत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं, की आपण टाकलं ते एवढंसं होतं. सोमेश्वर शिडी लावून खाली उतरला, तो टोपली भरायचा आणि मी वर आणायचो. एका टोपलीत खंडोबाची मोठी तसबीर आली. अप्पारावांनी ती उलटी करून पाहिली. मागच्या पुठ्ठ्यावर त्यांच्या लग्नातल्या आहेराचा कागद अजून चिकटलेला होता.

"हे आमचंच हाय," ते म्हणाले. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि माझा दोर स्वतः धरला.

ऊन कलायला लागलं तेव्हा खालून सोमेश्वरचा आवाज आला. "आजी, तांब्या घावला. खडकाच्या कडेला भगदाड हाय, त्यात घरंगळला व्हता."

"धाड वर."

"दमानं वढा. रिकामा न्हाई."

मी तांब्या वर आणला. इतक्या हळू मला आजवर कुणी ओढलं नव्हतं. तो काठोकाठ भरलेला होता आणि पाणी नितळ होतं. आकांक्षानं बोट बुडवून जिभेला लावलं.

"गार आहे. आणि थोडं खारट."

"बराबर," दुर्गाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग त्यांनी तो तांब्या आकांक्षाच्या डोक्यावर ठेवला. ती चालत गेली, शहरातली मुलगी, मान ताठ धरून, आणि थोडंसं पाणी तिच्या खांद्यावर सांडलं ते तिनं सांडू दिलं.

मुरूम विहिरीत पडला नाही. चिखल झालेल्या वाटेवर टाकला आणि रिकामा ट्रॅक्टर विहिरीतला गाळ घेऊन शेताकडे गेला. कागदाच्या तसबिरी लोकांनी लिंबाखाली खड्डा करून हळदीकुंकू वाहून पुरल्या. काचा आणि थर्माकोल वेगळं केलं. उपसा पुढेही बरेच दिवस चालला. खालच्या वस्तीतल्या लोकांनी त्यासाठी आपली पाणी उपसायची मोटार आणून लावली. एका सकाळी बेबीनंदा चढ चढून वर आली आणि धापा टाकत म्हणाली, "आजी, आमच्या आडात पानी चढलं." अप्पारावांनी थोरल्या विहिरीवर लोखंडी जाळी बसवली आणि त्या जाळीला एक लहान दार ठेवलं, तांब्या जाईल आणि गळ जाईल एवढं.

तुम्हाला एकच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या गावात कुणी म्हणालं की अमुक विहीर आटली, तमुक ओढा मेला, तर लगेच मान डोलवू नका. खाली काय आहे ते एकदा विचारा. काठावर उभं राहून आपलं तोंड पाहू नका, जरा चाचपून पाहा. आणि जे वर येईल ते आपलं असेल तर आपलं म्हणा.

मी आता परत दारातल्या खुंटीवर आलो आहे. परवा बेबीनंदा मला घेऊन गेली होती, त्यांच्या आडाचा राहिलेला गाळ काढायला. संध्याकाळी ती मला परत घेऊन आली तेव्हा दुर्गाबाई ओसरीवर बसल्या होत्या आणि शेजारी पाण्यानं भरलेला तोच तांब्या होता. त्यांचा हात सवयीनं तांब्याकडे गेला. मी अंग आकसून पाण्याची वाट पाहत राहिलो. दुर्गाबाईंनी तांब्या उचलला, क्षणभर हातात धरला आणि बेबीनंदापुढे केला.

"दमली असशील. पी."

ती प्यायली आणि तिनं मला तसंच, ओलंच, स्वतःच्या हातानं खुंटीवर टांगलं. माझ्या आकड्यांवरून खालच्या आडाचं पाणी नव्या फरशीवर ठिबकू लागलं. आकांक्षाचं बाळ आता रांगतं. ते त्या थेंबांपाशी आलं, त्यानं त्यात हात थापटला आणि बोटं तोंडात घातली. आकांक्षा त्याला उचलायला धावली.

"राहू दे," दुर्गाबाई म्हणाल्या. "घरचंच पानी हाय."